चर्चिलचा चिरूट

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

विन्स्टन चर्चिल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. एक हात कमरेवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर, कपाळाला आठ्या, खालचा ओठ जरा पुढे आणि नजर अशी की समोरच्यानं दोन पावलं मागे सरकावं. २०१६ साली इंग्लंडनं पाच पौंडांची नवी नोट काढली, तिच्यावरही हाच चेहरा घेतला. हिटलरपुढे न वाकलेल्या ब्रिटनचं हे चित्र, असं पाठ्यपुस्तकांतून सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या क्षणी चर्चिलसाहेब हिटलरवर चिडलेले नव्हते. त्यांच्या तोंडातला चिरूट कोणीतरी काढून घेतला होता, म्हणून ते चिडले होते.

चिरूट काढून घेणारा माणूस म्हणजे फोटोग्राफर युसुफ कार्श. जन्मानं आर्मेनियन, तुर्कस्तानातल्या मार्दिन गावचा. तिथल्या अत्याचारांतून वाचलेलं हे कुटुंब. मुलगा कोवळ्या वयात कॅनडातल्या मामाकडे आला. मामाचा फोटो स्टुडिओ होता, तिथे हात बसला. पुढे बोस्टनला जाऊन रीतसर शिकला आणि ओटावा या राजधानीच्या गावी त्यानं स्वतःचा स्टुडिओ थाटला. ३० डिसेंबर १९४१ रोजी चर्चिल कॅनडाच्या संसदेत भाषण करायला आले. भाषणानंतर सभापतींच्या दालनात फोटो घ्यायचा, असं पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी ठरवलं होतं. कार्शनं आदल्या रात्रीच दिवे लावून ठेवले. गंमत अशी, की ही गोष्ट चर्चिलना सांगायची राहून गेली होती.

दालनात आल्यावर एकदम दिवे लागले. हे काय चाललंय, म्हणून चर्चिल गुरगुरले. मग एकच फोटो काढू देतो म्हणाले आणि नवा चिरूट पेटवला. कार्शनं राखेचं भांडं पुढे केलं. चर्चिलनी ते पाहिलंच नाही. कार्श कॅमेऱ्याकडे गेला, सगळं ठीक आहे ना पाहिलं, परत आला, क्षमा मागितली आणि चिरूट अलगद ओठांतून काढून घेतला. चार पावलं मागे येऊन त्यानं वळून पाहिलं, तर समोरचा माणूस त्याला खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होता. त्यानं तेवढ्यात शटर दाबलं. तेव्हा कार्शचं वय तेहेतीस वर्षं. ना ओळख, ना पाळख, आणि युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत साम्राज्याच्या पंतप्रधानाच्या तोंडाला हात! पुढच्याच मिनिटाला चर्चिल हसले आणि आणखी एक घे म्हणाले. तो हसरा फोटोही आहे. छान आहे. पण तो कुणाला आठवत नाही.

आज मला बोलायचं आहे ते अशाच फोटोंविषयी. नामवंतांचे फोटो तर रोजच्या पेपरात ढिगानं असतात. त्यांतला एखादाच असा का असतो, की आपण थबकतो आणि वाटतं, हा माणूस आज आपल्याला पहिल्यांदा दिसला? आणि तो मिळवण्यासाठी फोटोग्राफर जे करतो, ते करण्याचा त्याला अधिकार असतो का?

चाळीस वर्षं तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ होता. बारशापासून पंचाहत्तरीपर्यंत सगळं केलं. त्यामुळे एक सांगतो. आपण साधी माणसं कॅमेऱ्यासमोर अवघडतो. खांदे वर जातात, हनुवटी आत जाते, हसू ओठांपर्यंत येतं आणि डोळ्यांत पोचत नाही. नामवंतांची अडचण उलटी. ते अवघडत नाहीत. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांचा एक चेहरा तयार झालेला असतो. कॅमेरा दिसला की तो आपोआप वर येतो, जसा वरातीतल्या बँडवाल्याचा हात ढोलावर जातो. कुठल्या बाजूनं आपण बरे दिसतो, डोकं किती कलवायचं, हे त्यांना फोटोग्राफरपेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो चेहरा खोटा असतो असं मी म्हणणार नाही. तो त्यांच्या कामाचा भाग आहे, पोलिसाच्या गणवेशासारखा. पण तोच चेहरा शंभर फोटोग्राफरांना मिळालेला असतो. एकशे एकाव्याला काही वेगळं हवं असेल, तर त्या माणसानं तो गणवेश घटकाभर उतरवायला हवा.

तो उतरवून घेण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे धक्का देऊन. चिरूट ओढला, तो हा मार्ग. दुसरा म्हणजे वाट पाहून. अमेरिकेतल्या रिचर्ड अ‍ॅव्हेडननं हे दोन्ही मार्ग एकाच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतरानं वापरले, म्हणून त्याची उदाहरणं मला फार बोलकी वाटतात.

अ‍ॅव्हेडन फॅशनच्या मासिकांसाठी काम करायचा. १९५७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात तो विंडसरचे ड्यूक आणि डचेस यांचे फोटो काढायला गेला. ड्यूक म्हणजे माजी राजे आठवे एडवर्ड. एका घटस्फोटितेशी लग्न करता यावं म्हणून १९३६ साली त्यांनी इंग्लंडचं सिंहासन सोडलं, ती गोष्ट आपल्याकडेही जुन्या मंडळींच्या तोंडी असायची. या जोडप्याचे हजारो फोटो निघालेले होते आणि प्रत्येकात तेच ठेवणीतलं हसू. अ‍ॅव्हेडनला ते नको होतं. दोघांचा कुत्र्यांवर फार जीव आहे, त्यांच्याकडे पग जातीची कुत्री असतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं, माफ करा, आज माझं मन ठिकाणावर नाही, इथे येताना माझ्या टॅक्सीखाली एक कुत्रा आला. दोघांचे चेहरे एकदम उतरले. अ‍ॅव्हेडननं फोटो घेतला.

कुत्रा वगैरे काही मेलेला नव्हता. ही गोष्ट पुढे अ‍ॅव्हेडननं स्वतःच सांगितली.

तो फोटो जरूर पाहा. दोन थकलेली, म्हातारपणाकडे झुकलेली माणसं, कपाळावर वेदना, तोंडं किंचित उघडी. पाहणारा म्हणतो, बघा, गमावलेल्या राज्याचं दुःख. आता विचार करा. दुःख खरं होतं, पण ते एका कधीच न मेलेल्या कुत्र्याचं होतं. ते चेहऱ्यावरून उचलून फोटोग्राफरनं दुसऱ्याच गोष्टीला चिकटवलं. अ‍ॅव्हेडन मोठा कलावंत, यात शंका नाही; पण हा फोटो पाहताना मला दर वेळी त्या दोघांची बाजू घ्यावीशी वाटते. चर्चिलनी निदान आपल्यावर काय डाव झाला हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लगेच हसून माफही केलं होतं.

लगेच पुढच्या महिन्यात, मे १९५७ मध्ये, मेरिलिन मन्रो अ‍ॅव्हेडनच्या स्टुडिओत आली. चमचमत्या टिकल्यांचा झगा. काही तास ती नाचली, गायली, लाडिक हसली, जगाला हवी असलेली मेरिलिन तिनं भरभरून दिली. अ‍ॅव्हेडन फोटो घेत राहिला. मग रात्र सरत आली आणि सगळं संपलं. ती एका कोपऱ्यात जाऊन बसली, लहान मूल दमून बसतं तशी. चेहऱ्यावरचं सगळं निघून गेलं. अ‍ॅव्हेडननं नंतर जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की तिच्या नकळत मी फोटो घेतला नसता. कॅमेरा घेऊन मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती नाही म्हणत नाहीये, हे मला दिसलं.

त्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. नजर खाली, थोडी बाजूला, ओठ सैल. झगा तोच, केस तेच, पण ते घालणारी बाई भलतीच कुणी आहे असं वाटतं. एवढी चित्रं निघालेल्या या नटीचं हे चित्र लोक पुन्हा पुन्हा का काढून बघतात, ते पाहिल्याबरोबर कळतं. कुत्र्याची थाप मारणाऱ्या त्याच माणसानं इथे नुसती वाट पाहिली. आणि एक गोष्ट विसरू नका, की ती 'नाही' म्हणू शकत होती.

आता थोडं तंत्राविषयी, कारण श्रोत्यांपैकी कुणा ना कुणाच्या हातात आज कॅमेऱ्याचा फोन असणारच. चेहरा अगदी जवळून टिपला म्हणजे फोटो जवळिकीचा होतो, असा एक समज आहे. तो चुकीचा. फोन हातभर अंतरावर धरून स्वतःचा फोटो काढला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. कॅमेऱ्यापासून नाक जितकं लांब, त्याच्या मानानं कान बरेच लांब असतात, म्हणून असं होतं. पाच-सहा फुटांवर उभं राहिलं की हा फरक नगण्य होतो आणि चेहरा आपल्याला ओळखीचा आहे तसा दिसतो. म्हणून चेहऱ्याचे फोटो काढणारे जरा लांब उभे राहतात आणि लांब पल्ल्याची, ८५ ते १०५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावतात. फोटो जवळचा वाटतो, फोटोग्राफर मात्र जवळ नसतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. चांगल्या पोर्ट्रेटमध्ये बाहुलीत एक बारीक पांढरा ठिपका असतो. तो खिडकीचा किंवा दिव्याचा. तो नसला तर डोळा मेल्यासारखा दिसतो. आमच्या स्टुडिओत पूर्वी निगेटिव्हवर रिटचिंग करून तो नंतर घालत असत, हे आता सांगायला हरकत नाही. कार्श तर चेहऱ्याबरोबर हातांसाठीही वेगळी प्रकाशयोजना करायचा. त्याच्या फोटोंतले हात बघा, कित्येकदा ते चेहऱ्याइतकंच बोलतात.

तिसरी गोष्ट जरा गमतीची. कार्श किंवा पुढच्या काळातला अ‍ॅव्हेडन वापरत तो मोठा कॅमेरा, आठ इंच बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा. त्याच्या मागच्या बाजूला काच असते, डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेवर उलटी प्रतिमा पाहायची आणि फोकस जुळवायचा. पण एकदा का फिल्मची पेटी मागे सरकवली की काच झाकली जाते. मग फोटोग्राफरला काही दिसत नाही. कापडाखाली थांबण्यात अर्थ नसतो. त्यामुळे अ‍ॅव्हेडन कॅमेऱ्याच्या शेजारी येऊन उभा राहायचा आणि समोरच्याशी डोळ्याला डोळा भिडवून, योग्य वाटेल तेव्हा शटर सोडायचा. म्हणजे बसलेला माणूस लेन्सच्या शेजारच्या एका जिवंत माणसाकडे बघत असायचा. पुढे कॅमेरे लहान झाले, सोयीचे झाले आणि फोटोग्राफरचं तोंड कॅमेऱ्यामागे लपलं. सोय झाली हे खरं, पण काही गेलंही.

आपल्या महाराष्ट्रात काढलेला असा एक जगप्रसिद्ध फोटो आहे, तो पुण्यातला आहे हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. गांधीजी जमिनीवर बसून वाचत आहेत, मागून खिडकीचा उजेड येतो आहे आणि पुढे मोठा दिसणारा चरखा. १९४६ साली 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी तो काढला. बाईंना वाटलं, गेलो की फोटो घेतला. गांधीजींच्या सचिवांनी विचारलं, तुम्हाला सूत कातता येतं का? येत नाही? मग आधी शिका. चरखा समजल्याशिवाय चरखेवाल्याचा फोटो कसा काढाल? युद्धाच्या आघाडीवर फिरून आलेल्या या बाईंना मुकाट्यानं धागा तोडत बसावं लागलं. त्यातून तो गांधीजींचा मौनाचा दिवस, बोलायचं नाही. फ्लॅशचा झगझगाट त्यांना आवडत नसे. बरीच विनवणी केल्यावर तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्यानं साथ दिली.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की इथे अटी बसणाऱ्यानं घातल्या. धक्का नाही, थाप नाही. गांधीजी कॅमेऱ्याकडे पाहतही नाहीत, सूतही कातत नाहीत, वाचताहेत. आणि तरी त्या खोलीत आपण दाराशी चपला काढून शिरलो आहोत असं वाटतं. बाई वैतागल्या असतील, पण त्या वैतागातल्या शिकवणीनंच बहुधा त्यांना चरखा चौकटीत पुढे आणि माणूस मागे ठेवायला शिकवलं. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर हा फोटो जगभर पोचला.

मुंबईत हे काम ज्यांच्या नावाशी जोडलं गेलं ते गौतम राजाध्यक्ष. रसायनशास्त्र शिकलेला, जाहिरात कंपनीत नोकरी केलेला हा माणूस १९८० च्या सुमारास चित्रपट कलावंतांच्या फोटोंकडे वळला आणि पाहता पाहता हिंदी सिनेमाचा चेहरा कसा दिसावा हे ठरवू लागला. १९९७ साली 'फेसेस' हे त्यांचं पुस्तक आलं. दुर्गाबाई खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे त्यात आहेत. २०११ साली, एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना ते गेले.

राजाध्यक्षांवर एक टीका नेहमी होई, की ते सगळ्यांनाच सुंदर करतात. खरं आहे. त्यांच्या फोटोत सुरकुती शोधायची तर भिंग लागेल. अ‍ॅव्हेडनसारखा ओरखडा तिथे नाही. पण मला वाटतं, ही टीका करणाऱ्यांनी त्या फोटोंतले डोळे नीट पाहिले नाहीत. हा गप्पांचा, संगीताचा माणूस. समोरचा निर्धास्त झालेला आहे, हे त्या डोळ्यांत दिसतं. आपल्याला हा माणूस वाईट दिसू देणार नाही, अशी ज्याची खात्री पटते, त्याच्यापुढे माणूस वेगळ्या तऱ्हेनं मोकळा होतो. घरच्या माणसासमोर होतो तसा. मुखवटा उतरवण्याऐवजी त्याच्या आतली घट्ट बांधलेली दोरी सैल करायची, असा हा प्रकार. कुठला फोटो मोठा, यावर वाद होऊ शकेल. मी स्वतः त्या दोरीच्या बाजूचा आहे, कारण धंद्यात मला कुणाचा चिरूट ओढण्याची हिंमत कधीच झाली नाही.

जॉन लेनन आणि योको ओनो यांचा अ‍ॅनी लीबोविट्झनं काढलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. विवस्त्र लेनन कपड्यातल्या बायकोला लहान मुलासारखा बिलगला आहे. तो ८ डिसेंबर १९८० चा. त्याच दिवशी रात्री लेननचा खून झाला. जानेवारी १९८१ मध्ये 'रोलिंग स्टोन'नं मुखपृष्ठावर तो फोटो छापला आणि एकही मथळा दिला नाही. त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

पण मेरिलिन मन्रोकडे पुन्हा एकदा यायला हवं. १९६२ च्या जूनमध्ये, म्हणजे मृत्यूच्या दीडेक महिना आधी, बर्ट स्टर्न नावाच्या फोटोग्राफरनं 'व्होग' मासिकासाठी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात तिचे अडीच हजारांच्या आसपास फोटो काढले. त्यांतले काही तिला पाहायला पाठवले. जे आवडले नाहीत त्यांवर तिनं फुली मारली. नुसत्या कागदावर नव्हे, काही निगेटिव्हवरही नारिंगी खुणा केल्या. एखाद्या बाईनं इतक्या स्पष्टपणे 'नाही' म्हटल्याचं दुसरं उदाहरण या व्यवसायात मला तरी आठवत नाही. ऑगस्टमध्ये ती गेली. वीस वर्षांनी, १९८२ साली, स्टर्नचं पुस्तक निघालं, आणि फुल्या मारलेले फोटोही, त्या फुल्यांसकट, जगानं पाहिले.

ते फोटो देखणे आहेत. त्या नारिंगी फुल्यांमुळे तर ते अधिकच हलवून सोडतात, हे कबूल करायला हवं. समीक्षकांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. मी पाहिले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि मला माझ्याच कपाटातलं एक पाकीट आठवलं.

१९८४ सालची गोष्ट. आमच्या गावी एका नाटक कंपनीचा दौरा होता. ऐतिहासिक नाटक. राजाचं काम करणारे नट त्या काळी घराघरांत माहीत होते. नाव सांगत नाही. स्थानिक मंडळानं फोटो काढायला मला बोलावलं होतं. माझ्याकडे याशिकाचा दोन लेन्सचा कॅमेरा, बारा फोटोंचा रोल. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचं असतं, त्यामुळे आपण फोटो काढतोय हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. आवाजही फार नाही. दुसऱ्या अंकानंतर मी रंगपटात डोकावलो. राजेसाहेब टोप काढून, भरजरी अंगरखा गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसले होते. दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत. पाय सुजलेले. डोळे मिटलेले. आरशाभोवतीच्या बल्बचा पिवळा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर. मी श्वास रोखला आणि शटर दाबलं.

त्यांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, हा तेवढा छापू नका हं. लोक तिकीट काढून राजाला बघायला येतात." मी "हो" म्हटलं. तिसऱ्या अंकाची घंटा झाली. पाय पुसून, टोप चढवून ते उठले आणि विंगेत जाईपर्यंत पुन्हा राजे झाले.

रोल धुतला तेव्हाच कळलं, की आयुष्यात काढलेला हा माझा सगळ्यात चांगला फोटो. काही वर्षांनी ते वारले. एका वृत्तपत्राकडून निरोप आला, दौऱ्यातला काही फोटो असेल तर पाठवा, नावासकट छापू. मी हार घातलेला, सत्काराचा फोटो पाठवला. तो छापून आला. तसे त्यांचे बरेच छापून आले होते.

निगेटिव्ह अजून पाकिटात आहे. परवा मुलगा म्हणाला, बाबा, फिल्म खराब होण्याआधी निदान स्कॅन करून ठेवू या. म्हटलं, ठेव. ठेवायला काही हरकत नाही.